फानसाहेबांच्या नावाचे उपवास

९ सप्टेंबर १९९७, मंगळवार

फॅक्टरीचं जुनं लेजर मिळालं. अर्धं कोरं. टाकून द्यायला निघाले होते. घरखर्चाची वही वेगळी आहे, ती यात मिसळायची नाही. यात फक्त देवाचा हिशेब. डावीकडे उपवास, उजवीकडे फळ. कुणी वाचायचं नाही.

आज गणपतीच्या दर्शनाला फानसाहेब आले होते. यांचे जनरल मॅनेजर. माणूस तैवानचा, पण न सांगता बूट बाहेर काढले. आमचे सुजीतभावोजी, फॅक्टरीचे अकाउंटंट, कोकणस्थ, अजून बुटासकट कोचापर्यंत येतात. साहेबांनी पाच मोदक खाल्ले. तूप नको म्हणाले. तेवढं सोडलं तर सोन्यासारखा माणूस.

जाताना बातमी दिली. त्यांच्या गावी नोव्हेंबरात महापौराची निवडणूक आहे आणि ते उभे राहणार. (गावाचं नाव मला म्हणता येत नाही. तिकडचं गाव असं लिहीत जाईन.) बादल्यांची फॅक्टरी मोठ्या भावाची आहे, ती इथेच, दुबईजवळ उम्म अल कुवैनला चालू राहील. साहेबांचं काम तोवर हे बघणार. ऑफिशिएटिंग जनरल मॅनेजर! यांनी विचारलं, निवडून आलात तर? साहेब म्हणाले, देन यू कंटिन्यू. आणि नाही आलात तर? देन आय कम बॅक.

म्हणजे साहेब तिकडे महापौर, तरच हे इकडे मॅनेजर. मला खुर्चीचा मोह नाही. पण भल्या माणसाचं भलं व्हावं असं कुणालाही वाटणारच.

२० सप्टेंबर १९९७, शनिवार

संकष्टी. फानसाहेबांच्या नावाने उपवास क्र. १.

संकल्पात गोत्र लागतं. दुबईच्या गुरुजींना फोन केला. म्हणाले, ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. म्हटलं, यजमान तैवानचे आहेत. गुरुजींनी यजमानांचं नाव दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाले, तरी काश्यप. यांना सांगितलं तर म्हणाले, अगं, साहेब डुक्कर खातात. म्हटलं, खाण्यावरून गोत्र काढायला लागलं तर तुमच्या नाशिकच्या काकांचं काय करायचं?

आठ वाजून गेले तरी चंद्र नाही. ढग नाहीत, नुसती धूळ. डोकं ठणकतंय. तरी मन प्रसन्न आहे.

१९ ऑक्टोबर १९९७, रविवार. दुपारी ४.२०

मोठा शोध लागला. आमच्या लेकीच्या, शुभ्राच्या अ‍ॅटलासमध्ये बघितलं. तैवान आपल्या चार तास पुढे आहे. उपवास ज्याच्या नावाचा, चंद्र त्याचा. इतकी वर्षं मुंबईचं पंचांग वाळवंटात वापरतोय, चुकत होतं ते हेच. आता तिकडे आठ वाजून गेले, चंद्र निघाला असणारच. पूर्वेला तोंड करून अर्घ्य दिलं आणि वरणभात जेवले. शास्त्राला धरून आहे.

शुभ्रा शाळेतून आली. बारा वर्षांची झाली पण अजून मराठीत उत्तर नाही. व्हाय आर यू ईटिंग? नीट समजावून सांगितलं. म्हणाली, सो इट्स जस्ट लेट लंच. तिच्या शाळेची फी बघता याहून जास्त अक्कल यायला हवी होती.

३० नोव्हेंबर १९९७, रविवार

फानसाहेब विजयी!!

फक्त एकोणीसशे अकरा मतांनी. हे म्हणाले, काठावर पास. यांना कळत नाही. मोठ्या फरकाने आले असते तर त्यात माझा काय संबंध होता? काठावरच तर देवाचा हात लागतो.

अनुपमा, म्हणजे सुजीतभावोजींची बायको, पेढा खाऊन म्हणाली, काय महापौरीणबाई, आता हळदीकुंकू तैवानला का? हसण्यावारी नेलं. मत्सर हा रोगच आहे. पेढा मात्र दुसरा उचलला.

उपवास तीन, फळ एक. चांगला भाव पडला.

८ फेब्रुवारी १९९८, रविवार

कंपनीच्या व्हिलात आलो. खाडी दिसते. दोन खोल्यांना साहेबांच्या सामानाची कुलपं आहेत, उरलेलं आपलं. मी फक्त सोफा हलवला, पडदे बदलले आणि दारावर गणपती लावला. तात्पुरतं आहे हे मला माहीत आहे.

ऑफिसचं मात्र ऐकवत नाही. हे साहेबांच्या खुर्चीवर बसत नाहीत म्हणे. बाजूला स्टूल घेऊन बसतात. आपलाच माल, प्लास्टिकचं. ही बातमी कुणी दिली, तर याकूबने, कंपनीच्या ड्रायव्हरने. मी यांना विचारलं. म्हणाले, ऑफिशिएटिंग आहे ना मी. म्हटलं, अहो, पादुका ठेवून राज्य करायला साहेबांनी बूटसुद्धा मागे ठेवले नाहीत. बसा उद्यापासून. बघतो म्हणाले.

११ जून १९९९, शुक्रवार

उपवास क्र. २२ झाला. साहेबांचं तिकडे छान चाललंय. त्यांच्या ऑफिसातून अधूनमधून पेपरची कात्रणं फॅक्स होतात. सगळं चिनीत. मॅट्रिकला चिनी नव्हतं, पण फोटोवरून कळतं. या वेळी साहेब पुलाची फीत कापतायत. मागच्या वेळी माशांच्या बाजारात उभे होते, तोंडावर रुमाल धरून. हे काही बरं दिसलं नाही. महापौराने लोकांसमोर नाक धरू नये, असा सल्ला मी यांच्याकरवी कळवला. शिवाय कचऱ्याची गाडी सकाळी सातनंतर पाठवावी, आधी बायका रिकाम्या नसतात, हेही.

उत्तर नाही. मोठी माणसं उत्तरं देत नाहीत, अंमलबजावणी करतात.

यांना विचारलं, फॅक्स नक्की केलात ना? म्हणाले, इन्शाल्ला. यांचं हे इथल्या सरकारी ऑफिसातलं इन्शाल्ला मला आवडत नाही.

२७ ऑगस्ट २०००, रविवार

यांची नवीन व्हिजिटिंग कार्डं आली. पाचशे. अजून ऑफिशिएटिंग! तीन वर्षं हा शब्द नावाखाली चिकटलाय. यांनी मोठ्या भावाला कन्फर्मेशनचं विचारलं होतं. भाऊ म्हणाले, माझा धाकटा पुन्हा निवडून आला की करून टाकू. पुढची निवडणूक पुढच्या वर्षी डिसेंबरात.

देवापुढे नवस बोलले. स्पष्ट शब्दांत, उगाच घोळ नको. यांच्या कार्डावरून ऑफिशिएटिंग हा शब्द जाऊ दे, यांना कंपनीचं कन्फर्मेशन लेटर मिळू दे, १०८ मोदक करीन. दुसरं काही मागितलं नाही. मी हावरी नाही.

१५ जानेवारी २००१, सोमवार

काल संक्रांत. हळदीकुंकवाला सव्वीस बायका आल्या. गेल्या वर्षी अकरा होत्या. या वर्षी वाण म्हणून फॅक्टरीचे मग दिले ना, कानाचा रंग जरा हुकलेले. यांनी फुकट आणून दिले. अजमानपासून बायका आल्या. ज्या दोघींशी बोलणं नव्हतं त्याही आल्या. एकीने तर नणंदेसाठी अजून एक मागितला. मग दिला की माणूस आपला होतो.

भांडी घासताना अंगावर काटा आला. फानसाहेबांना हे कुणी सांगितलेलंच नसणार! त्यांच्याकडे वाणाची पद्धत नाही. आणि बादल्यांची फॅक्टरी घरची आहे!

देव सुचवतो तेव्हा भांडी घासतानाच सुचवतो.

२ फेब्रुवारी २००१, शुक्रवार

पत्र पाठवलं. म्हणजे काल रात्री शुभ्राकडून कॉम्प्युटरवर करून घेतलं. मी सांगितलं, तिने इंग्रजी केलं. मुद्दा असा: आमच्याकडे हळदीकुंकू असतं, त्यात घरच्या बाईला एक वस्तू देतात. बाई खूश तर घर खूश, घर खूश तर मतं खूश. आपण प्रत्येक घरी एक बादली द्यावी, लाल, शुभ रंग, वर आपला हसरा फोटो. सकाळी आंघोळीला बसलं की समोर महापौर.

शुभ्रा थांबली. आई, इजन्ट धिस ब्रायबरी? म्हटलं, लाच आणि वाण यात फरक आहे. वाण देताना कुंकू लावतात. लिही मुकाट्याने. लिहिलं, पण पिझ्झा कबूल करून घेऊन. ही मात्र शुद्ध लाच.

माझ्या नावाने गेलं तर मान मिळणार नाही. गुरुवारी हे सह्यांचे कागद घरी आणतात आणि मॅच बघत सह्या करतात. त्या गठ्ठ्यात मधे सरकवलं. तीन विकेटमध्ये सगळं उरकलं. आज सकाळी सुट्टी होती तरी याकूबला पाठवून ऑफिसातून फॅक्स करून घेतला. या वेळी इन्शाल्ला नाही.

६ मार्च २००१, मंगळवार

उत्तर आलं!!! फानसाहेबांचं, स्वतःचं. युवर आयडिया इज एक्सलंट. साठ हजार बादल्या, लाल, फोटोसह.

फॅक्टरीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ऑर्डर. हे घरी आले ते गोंधळलेले. म्हणाले, साहेब कसल्या आयडियाबद्दल शाबासकी देतायत? मला काही आठवत नाही. मी आमटी वाढत राहिले. स्वतःच म्हणाले, साहेब म्हणतात म्हणजे मीच दिली असणार. जेवण होईपर्यंत त्यांना थोडं थोडं आठवायलाही लागलं. झोपताना म्हणाले, मला ती कल्पना खरं तर डिसेंबरातच सुचली होती.

मी दिवा मालवला. पुण्य सांगितलं की कमी होतं.

१४ ऑक्टोबर २००१, रविवार

शेवटचा कंटेनर गेला. आज हे पहिल्यांदा साहेबांच्या खुर्चीवर बसले. याकूबने येऊन सांगितलं. दहा मिनिटंच, पण बसले. पाठ दुखते म्हणाले, स्टूलच बरं.

नमुन्याची एक बादली घरी ठेवली. फोटोत साहेबांचे सगळे दात दिसतात. बाथरूममध्ये ठेवली होती, पण शुभ्रा म्हणाली, ही इज वॉचिंग मी. म्हणून धुण्याच्या जागी.

२० नोव्हेंबर २००१, मंगळवार

रमजान. फॅक्टरी दोनला सुटते. परवा दुबईहून पूजेचं सामान आणताना याकूबला माझ्या उपवासाचं सांगितलं, की चंद्र तैवानचा धरते म्हणून चारला सुटतो. सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, भाभीजी, हमारा पेशावर तो इधर से एक घंटा आगे है, मगर रोजा तो हम इधर के ही सूरज पे खोलते हैं.

त्यांचं वेगळं, आपलं वेगळं. पण हे त्याने सांगायची गरज नव्हती.

२८ नोव्हेंबर २००१, बुधवार

कात्रण आलं. पहिल्या पानावर! साहेब मधे, दोन्ही बाजूंना एकेक पोलीस, मागे कॅमेरेच कॅमेरे. पुढे टेबलावर आपल्या बादल्यांचा डोंगर. आपला माल पेपरात! निवडणुकीला तीन दिवस राहिले आणि एवढा बंदोबस्त. म्हणजे जिंकल्यातच जमा.

शुभ्राला दाखवलं. म्हणाली, आई, दे आर होल्डिंग हिज आर्म्स. म्हटलं, गर्दीत आधार देतायत. ही इज नॉट स्मायलिंग. म्हटलं, चार वर्षं हसून तोंड दुखत असेल.

कात्रण देवघराशेजारी लावलं. अनुपमाला मुद्दाम चहाला बोलावलं. बघत राहिली. मग म्हणाली, वहिनी, हे कात्रण भावोजींना दाखवलंत का? आवाज बदलला होता. मोठेपण समोर आलं की लोकांना बोलणं सुचत नाही.

२ डिसेंबर २००१, रविवार

साहेब पडले.

एकवीस हजारांनी. काठ कुठे दिसतच नाही.

मोठ्या भावाचा फॅक्स इंग्रजीत होता, त्यामुळे सगळ्यांना कळला. तिकडे निवडणुकीत अशी वस्तू वाटणं गुन्हा आहे. बादल्या जप्त. विरोधी उमेदवाराने प्रत्येक चौकात एकेक बादली उलटी टांगली. साहेबांची चौकशी चालू.

हे जेवले नाहीत. एकच वाक्य चार वेळा म्हणाले, ही आयडिया मला सुचलीच कशी?

मी दुपारभर विचार केला. चूक कळली. चंद्राची. उपवास बावन्न झाले, त्यातले एक्कावन्न चार वाजता सोडले. धरणारी इथली, तर चंद्रही इथलाच पाहिजे होता. याकूबचं बरोबर होतं. बादलीचा काही संबंध नाही. वाण कधी कुणाला बाधत नाही.

उद्या संकष्टी. इथल्या चंद्रापर्यंत थांबणार.

३ डिसेंबर २००१, सोमवार

थांबले. उशीर झाला म्हणायचा आता.

२४ जानेवारी २००२, गुरुवार

फानसाहेब आले. देन आय कम बॅक, म्हणाले होते. शब्दाचे पक्के.

पुढचं याकूबकडून कळलं. तो साहेबांच्या बॅगा केबिनमध्ये ठेवत होता. साहेब स्वतःच्या खुर्चीवर बसले. हे उभे. साहेबांनी खिशातून घडी केलेला फॅक्स काढला, दोन्ही हातांनी यांच्यापुढे धरला, त्यांच्याकडे कार्ड देतात तसा. विचारलं, युवर सिग्नेचर? येस सर. युवर आयडिया? यांनी कागद वाचायला घेतला. याकूब म्हणाला, भाभीजी, साहब पढ़ते पढ़ते बीच में रुक गए. फिर आखिर तक पढ़ा. मग म्हणाले, येस सर. माय आयडिया.

कुठे थांबले असतील ते मला माहीत आहे. तिसरी ओळ. हळदीकुंकू.

हे तीन वाजता घरी आले. फॅक्स माझ्या या लेजरवर ठेवला आणि हात धुवायला गेले. मी आमटी गरम केली. पहिल्यांदा खारट झाली.

३० जानेवारी २००२, बुधवार

व्हिला रिकामा केला. सोफा होता तिथे परत सरकवला. कोपऱ्यातला रंग उडालेला डाग साहेबांच्याच वेळचा आहे, असं मी व्हिलाच्या चाव्या देताना याकूबला दोनदा सांगितलं. तो हो म्हणाला.

दारावरचा गणपती काढताना स्क्रू फिरेना. शेवटी हेच आले आणि काढला.

१९ फेब्रुवारी २००२, मंगळवार. रथसप्तमी. फुजैरा

हळदीकुंकू उरकलं. यांची बदली इथे झाली, गोदामावर. वरती आमची खोली, खाली माल. खिडकीतून तेलाची जहाजं दिसतात. शुभ्रा दहावीच्या परीक्षेसाठी अनुपमाकडे राहिली आहे. फोनवर म्हणाली, इट्स ओके, आई. हे ती कधी म्हणत नाही.

एकच बाई आली. अनुपमा. याकूबच्या गाडीतून, डोंगर ओलांडून दोन तास. तिला वाण दिलं. बादली. तैवानहून जप्तीतून वाचलेल्या चाळीस हजार परत आल्यात, त्याच खाली रचून ठेवल्यात, सगळ्यांचे दात दरवाजाकडे. तिने कुंकू लावून घेतलं, बादली घेतली, छान आहे म्हणाली. मी वाट बघितली. जिन्यापर्यंत बघितली. महापौरीणबाई म्हणाली नाही.

दुपारी यांच्या नावाचं पाकीट आलं. कंपनीचं कन्फर्मेशन लेटर. सोबत नवीन कार्डं. पाचशे नाही, पन्नास. नाव, त्याखाली स्टोअरकीपर, फुजैरा. पर्मनंट. ऑफिशिएटिंग कुठेच नाही. पुढे बघितलं, मागे बघितलं, गेला तो शब्द.

नवस पोचला म्हणायचा. मी बोलले तसा, अक्षरशः.

यांना आज विचारलं. साहेबांना खरं का नाही सांगितलंत? हे स्टूलवर बसून मालाची यादी करत होते. मान वर न करता म्हणाले, काय सांगणार? म्हणजे चार वर्षं तुम्ही न वाचता सह्या करत होतात का, हे त्यांनी पुढे विचारलं असतं.

थोड्या वेळाने म्हणाले, आणि तुझं नाव कशाला.

दुसरं वाक्य उशिरा आलं, पण आलं. इथे लिहून ठेवते. डावीकडे लिहू की उजवीकडे, ते कळत नाही.

बोललेलं फेडायला हवं. १०८ मोदक. खाणारी माणसं दोन. नारळ खवायला बसले. सारण मावेल एवढं भांडं या खोलीत नाही, म्हणून खालून एक नवी बादली आणून धुवून घेतली. खवत खवत मान वर केली तर साहेब माझ्याकडे बघत होते, सगळे दात दाखवून.